इंडक्शनवर बिअर होते, फक्त 20 लिटरचा हट्ट सोडा

तुम्ही विचारलंय की 1200 वॉटचा एकच इंडक्शन आहे, गॅस नाही, 20 लिटर वर्टला (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, म्हणजे माल्टचं, गोड पाणी) खळखळून उकळी येत नाही, तर मोठा बर्नर घ्यावाच लागेल का. नाही लागत. आणि ज्याने तुम्हाला सांगितलं की पूर्ण उकळीशिवाय बिअर होतच नाही त्याला माझ्याकडे पाठवा, कारण हेच वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून 2018 पासून ऐकतोय.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ, केमिकल इंजिनिअर, पीथमपूरला एका कारखान्यात बॉयलर बघतो. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात. त्या डिसेंबरात आमच्या घरी पहिली बॅच घातली, माल्ट मी मागवलेलं, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) मी मागवलेले, पण हुकूम सगळे त्याचे. पहिल्यांदा तो गणपतीच्या महाप्रसादाचा भगोना घेऊन आला, ज्यात वरण करतात तो, अॅल्युमिनियमचा. इंडक्शनवर ठेवला तर नुसतं टूं टूं. आता ज्याला चुंबक चिकटत नाही ते भांडं इंडक्शनवर चालत नाही हे बॉयलरवाल्याला मी सांगायचं? तर म्हणे खाली लोखंडी तवा ठेवू. ठेवला. पाच मिनिटांत तवा असा तापला की काच तडकेल म्हणून मीच चिमट्याने उचलून बाजूला केला. शेवटी आत्याकडून स्टीलचं मोठं पातेलं आणलं, त्याला खालून चुंबक चिकटत होतं.

मॅशपर्यंत, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवेपर्यंत, सगळं मस्त झालं, आणि त्याचं श्रेय आईला. तिने बघितलं की साडेचार किलो भरडलेलं काहीतरी गरम पाण्यात पडतंय, विचारलं हे काय, मी म्हटलं अगं तू भाचीला मोड आणून वाळवून नाचणीचं सत्त्व करतेस ना, तेच आहे हे, फक्त सातूचं. मग तिला सगळं कळलं. मोड आले की दाण्यात जे तयार होतं ते 65 ते 68 डिग्रीला तासभर बसलं की पिठाची साखर करतं, त्याला उकळी लागत नाही, उकळी दिली तर उलट मरतं. आईने आतून गोधडी आणून पातेल्याला गुंडाळली, विरजणाला गुंडाळते तशी. तासाने बघितलं तर 67 चं 65 झालं होतं. गाळायला श्रीखंडाचं फडकं.

मग उकळी. स्वयंपाकघरातलं सॉकेट 6 अँपिअरचं, त्यामुळे 1200 च्या वर जायची सोय नाही, अगदी तुमच्यासारखंच. हिशोब सोपा आहे, थंडीतलं 20 लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला दोन युनिटच्या आसपास वीज लागते, त्यात इंडक्शनची गळती आणि उघड्या पातेल्यातून जाणारी वाफ धरली की दोन तास सहज. आमचं वर्ट आधीच साठच्या घरात होतं तरी 94 ला जाऊन बसलं ते बसलंच. दोन तासांनी इंडक्शन आपोआप बंद, पुन्हा चालू केला. मी अर्धं झाकण ठेवलं तर दादा ओरडला, उघडंच पाहिजे. तो बाहेर फोनवर गेला तेव्हा मी ठेवलंच, आणि वीसेक मिनिटांत 98 आणि बुडबुडे सुरू. मी हॉप्सची पुडी फोडायला गेलो तर तो आत येऊन म्हणतो थांब, अजून उकळी नाही, 98 आहे.

डोळ्यासमोर उकळतंय, आणि हा थर्मामीटर बघतोय! आत जाऊन दुसरा थर्मामीटर आणला, तोही 98. रात्रीचे साडेअकरा वाजले, वर्ट आटून 16 लिटरवर आलं, आई दोनदा उठून बघून गेली, आणि हॉप्स अजून पुडीतच. शेवटी मी त्याला न विचारता टाकले. दुसऱ्या दिवशी दात घासताना माझ्या डोक्यात उजेड पडला की इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, दर तीनशे मीटरला उकळबिंदू साधारण एक डिग्री उतरतो, म्हणजे आपल्याकडे पाणी 98 लाच उकळतं, आम्ही रात्रभर ज्या 100 ची वाट बघत होतो ते येणारच नव्हतं. दादाला फोन केला. म्हणाला, थर्मामीटर चायनाचे आहेत. आजही तेच म्हणतो.

जानेवारीत मी एकट्याने केली, आणि तुम्हीही तशीच करा. 10 लिटरची बॅच. सव्वादोन किलो पेल माल्ट, चक्कीवाल्याकडून दलियासारखं भरडून घेतलेलं (मिक्सरमध्ये पीठ होतं, मग फडक्यातून काही गळत नाही), साडेसहा लिटर पाण्यात मॅश, वरून थोड्या गरम पाण्याने धुऊन सात लिटरच्या आसपास घट्ट वर्ट. सात लिटर 1200 वॉटवर व्यवस्थित उकळतं, तासभर उकळा, मग आदल्या दिवशी उकळून फ्रिजमध्ये गार केलेलं पाणी घालून 10 लिटर करा. वर्ट गार करायची निम्मी कटकटही त्यातच संपते. यीस्ट टाकताना वीसच्या खाली आलेलं असलं की बास, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे खोलीच तेवढी गार असते.

दादाने चाखली आणि म्हणाला, कडूपणा कमी आहे, बघ, उकळी कमी पडली. कडूपणा कमी होता हे खरं, पण उकळी मस्त होती, घट्ट वर्टमध्ये हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो म्हणून तसं झालं. पुढच्या वेळी पाव हिस्सा हॉप्स जास्त घातले, बरोबर आली. आणि त्याला एक सांगायचं राहूनच गेलं, तुम्हाला सांगतो, फिनलंडची साहती नावाची बिअर वर्ट न उकळता करत आलेत लोक, नॉर्वेत पण न उकळलेली बिअर आहे, गावोगाव पितात. त्यांच्याकडे पीथमपूरचा बॉयलर नव्हता.

बरं, पिल्सनर माल्ट (पेलपेक्षा फिकट असतं ते) घेणार असाल तर मात्र दादाचं ऐका, त्याला तास-दीड तास उघडी, जोरात उकळी लागते, नाहीतर बिअरला उकडलेल्या भुट्ट्याचा वास येतो. झाकण पण तेव्हा लावायचं नाही. पेल माल्टला एवढं नखरं नाही. वरून घालायचं पाणी उकळलेलंच हवं, आमच्याकडे जलूदहून नर्मदेचं पाणी येतं त्यात क्लोरिन असतं, नळाचं तसंच घातलंत तर औषधासारखी चव येते. बाटलीत भरताना फेसासाठी घालायची साखर लिटरला सहा ग्रॅमच्या वर नको, फुटतात.

आणि हो, हे आधी सांगायला पाहिजे होतं, मध्य प्रदेशात लायसन्सशिवाय घरी बिअर करणं 1915 च्या अबकारी कायद्याने गुन्हा आहे. आम्हाला हे वकील मामाने तिसऱ्या बॅचनंतर सांगितलं आणि तिथेच बंद केलं. तुम्ही कुठे आहात ते लिहिलं नाहीत, आधी तुमच्याकडचा नियम बघा. इंग्लंडमध्ये असाल तर घरी पिण्यापुरती चालते, 1963 पासून लायसन्स लागत नाही.

बर्नरचं म्हणाल तर दादाने घेतलाच, हलवायाकडे असतो तसला, मला खोटं पाडायला. तोवर आमचं बंद झालेलं. आता थंडीत गच्चीवर त्यावर गराडू (आमच्याकडचा एक कंद) तळतात, आणि गराडू मात्र त्यावर एक नंबर होतात.