पत्रा उडतो, कारण तो बांधलेला नसतो

प्रश्न : ताई, आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम एक किलोमीटरवर. घर आजोबांच्या काळातलं, चिऱ्याचं, दुपाखी, वर मंगलोरी कौलं. निसर्ग वादळात पुढच्या पाख्याची कौलं गेली. वर्षभर ताडपत्री, मग घाईघाईत निळा पत्रा टाकला. आता एप्रिल-मेमध्ये दुपारी माजघरात बसवत नाही, आणि वारा सुटला की आई रात्रभर जागी असते. पूर्ण छप्पर नव्यानं करायचं आहे. भाऊ म्हणतो स्लॅब टाका, फॅब्रिकेटर म्हणतो पत्राच बरा, आईला कौलंच हवीत. तुम्ही काय सांगाल?
– एक वाचक, सध्या डोंबिवली

उत्तर : आईच्या बाजूनं माझं मत, पण अटींवर.

आधी थोडा हिशेब करू. ३ जून २०२०ला निसर्ग तुमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता, झोत किमान १२०चे. वेग मीटर प्रति सेकंदात धरून त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ नं गुणायचं, की दर चौरस मीटरमागे वाऱ्याचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. १२०च्या झोताला तो एका ब्रासमागे, म्हणजे १०० चौरस फुटांमागे, साधारण सव्वासहाशे किलो भरतो. वारा छपरावरून जाताना बराचसा जोर वर ओढण्यात लावतो. पाख्याच्या मधल्या भागात ही ओढ कमी, कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी जास्त. आता अर्धा मिलिमीटर पत्र्याचं वजन एका ब्रासला चाळीसेक किलो, मंगलोरी कौलांचं पावणेचारशेच्या आसपास. म्हणजे कौलं निम्मी लढाई वजनावर जिंकतात आणि पत्रा वजनाच्या जोरावर काहीच जिंकत नाही. तो सगळा स्क्रूंच्या भरवशावर असतो.

वादळानंतर त्या पट्ट्यात घरं बघत हिंडले तेव्हा पडलेल्या छपरांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पत्रा फाटलेला कमी ठिकाणी. बहुतेक जागी तो पाइपांसकट, अख्ख्या सांगाड्यासकट उचलून शेजारच्या वाडीत, सुपारीच्या झाडांत जाऊन पडलेला. स्क्रूनं पत्रा पाइपाला धरला होता, पण पाइपाला भिंतीशी कोणीच धरलं नव्हतं! चिऱ्याच्या भिंतीत दोन गज खुपसले आणि वर सिमेंट थापलं, की फॅब्रिकेटर पैसे घेऊन मोकळा.

म्हणून पहिला खर्च भिंतीच्या माथ्यावर करा. चारही भिंतींवरून फिरणारा सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा ओता आणि ओततानाच त्यात बोल्ट सोडा. कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) किंवा तुळई त्या बोल्टांना आवळायची. सुटा चिरा वरच्या ओढीला टिकत नाही, वरचा थरच निघून येतो. पट्टा असला की छप्पर उचलायला वाऱ्याला तो अख्खा जड पट्टाही उचलावा लागतो. यात पैसे वाचवायचे असतील तर कौलं की पत्रा ही चर्चा सोडूनच द्या.

दुसरं, जमलं तर चौपाखी करा. दुपाखी घराच्या त्रिकोणी भिंतीवर वारा थेट आपटतो आणि तिथूनच छपराची कड उचलतो. उतार तीस अंशांच्या आसपास ठेवा. फॅब्रिकेटर पत्रे वाचवायला छप्पर जवळजवळ सपाट करतात, आणि सपाट छपराला ओढ जास्त. पागोळ्या दूर पडाव्यात म्हणून छप्पर तीन-तीन फूट बाहेर काढतात, ते दीड फुटावर थांबवा. पडवीचं छप्पर मुख्य छपराला जोडून पुढे ओढू नका, वेगळं आणि खालच्या पातळीवर घ्या. गेलं तर तेवढंच जाईल.

आता कौलं. चांगल्या मंगलोरी कौलाला पाठीमागे तार ओवायला भोक असतं. ते शोभेसाठी नाही, पण सुतार तिकडे बघत नाहीत. खालच्या दोन ओळी, दोन्ही कडा आणि आढ्यालगतची ओळ रिपेला, म्हणजे कौलाखालच्या लाकडी पट्टीला, तारेनं बांधून घ्या. तार तांब्याची किंवा स्टेनलेसची, कारण साधी तार खाऱ्या हवेत लवकर गंजते. आढ्यावरचे कोने, म्हणजे माथा झाकणारी कौलं, सिमेंटात नीट बसवा. उरलेली कौलं मोकळी राहू देत. त्यांच्या फटींतूनच दुपारची गरम हवा बाहेर पडते आणि म्हणून माजघर गार राहतं. उजेडासाठी आढ्याजवळ दोन-चार काचेची कौलं घाला.

वानरांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण कोकणात कौलं सोडून पत्र्याकडे गेलेल्या बऱ्याच लोकांचं कारण वादळ नसून वानर आहे. घराला टेकलेली फांदी असेल तर छाटा आणि शंभरेक कौलं पडवीत जादा ठेवा. शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावायला, दरवर्षी मे महिन्यात कोण चढणार, हेही आजच ठरवा. घर वर्षातले दहा महिने बंद राहणार असेल, तर कौलांचा हट्ट मीही धरणार नाही.

तसं असेल तर पत्रा घ्या, पण अॅल्युमिनियम-जस्ताचा लेप असलेला, अर्धा मिलिमीटरचा, पांढरा किंवा फिकट. निळा कोणी फॅशनमध्ये आणला देवाला ठाऊक, उन्हात तो फिकटापेक्षा कितीतरी तापतो. समुद्राजवळ आधी स्क्रू गंजतो, मग त्याच्याभोवती भोक मोठं होतं, मग पत्रा वाऱ्यात फडफडायला लागतो. तेव्हा स्क्रू समुद्राकाठच्या हवेसाठी जाड लेप दिलेले आणि रबरी वायसरसकट. कडेला, आढ्याला आणि खालच्या टोकाला पत्र्याच्या प्रत्येक नळीवर (उंचवट्यावर) एक, मध्ये एक सोडून एक. मजुराला हे वर चढण्याआधी सांगा, उतरल्यावर तो पुन्हा चढत नाही. सिमेंटचा पत्रा मात्र नको. नारळ पडला की तो फुटतो, आणि त्यात अॅस्बेस्टॉस असेल तर त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

स्लॅब उडत नाही, भाऊ बरोबर आहे. पण जुन्या चिऱ्याच्या भिंती आणि पाया ते वजन घेतील का, हे जागेवर इंजिनिअरनं बघितल्याशिवाय हात लावू नका. शिवाय स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तुमच्या अंगावर सोडतो. खाऱ्या हवेत सळया गंजल्या की गळती, आणि मग गळतीवर उपाय म्हणून स्लॅबवर पत्र्याची शेड. गावात एक चक्कर मारा, अशा डबल छपराची घरं मोजायला बोटं पुरणार नाहीत.

वादळ येणार असं कळलं की वाऱ्याकडची दारं-खिडक्या अडसर घालून बंद करा. ते दार तुटलं की वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो, वर ओढ असतेच. आणि वादळाचं केंद्र वरून गेलं की वारा दिशा बदलतो, तेव्हा मागचं दारही तितकंच पक्कं हवं.

प्रश्न : चंद्रपूरला घर आहे, वर पत्रा. मे महिन्यात पंखा गरम वारा फेकतो. पत्र्यावर चुना मारला तर चालेल का? शेजारी मारतात.

उत्तर : पांढरा रंग हवा हे खरं, चुना नको. पहिल्या वळवात तो धुऊन जातो आणि जस्त-अॅल्युमिनियमच्या लेपाला ओला चुना खातो. छपरासाठीचा पांढरा परावर्तक रंग मिळतो, तो पत्रा घासून-धुऊन दोन हात लावा. खाली आढ्यापासून हातभर जागा सोडून छत टाका आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतीत वर जाळीचे झरोके ठेवा. त्या पोकळीतली हवा हलली नाही तर छताचा खर्च वाया. रंगाचं काम मार्चमध्येच उरका, एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर माणूस चढवणं बरं नाही.