धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या जुन्या लॉजचा इतिहास कसा शोधावा?

तुम्ही विचारलंय की लॉजच्या पाटीवर ‘स्थापना १९११’ आहे, एक मुक्काम करून त्याचा इतिहास काढायचा आहे, तर सुरुवात कुठून करू.

पाटीपासून तर नकोच. इमारत बांधली कधी, तिच्यात लॉज सुरू झालं कधी आणि आत्ताचं नाव लागलं कधी, ही तीन वेगळी सालं असतात. पाटीवर त्यातलं सगळ्यात जुनं चढतं, कधी तर आजोबांच्या अडत दुकानाचं. ‘शंभर वर्षांचं हॉटेल’ म्हणून फोटो टाकणाऱ्यांशी माझं यावरूनच वाजतं.

काउंटरवर दुपारी तीन-चारच्या सुमारास जा, गर्दी नसते. खरेदीखत, भाडेपावती असलं काही आधी मागू नका. पेठेतली बरीच जुनी लॉज भाडेकरू चालवतात, मालकाशी दावा चालू असतो, आणि कागद विचारणारा माणूस समोरच्या पार्टीचा वाटतो. जुनं बिलबुक किंवा लेटरहेड मागा, ते हौसेने दाखवतात. त्याच्यावरून काळ बराच नेमका लागतो. पत्त्यात ‘प. खा.’ असेल तर कागद १९०६ नंतरचा, कारण खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे त्या साली झाले. दर रुपये-आण्यांत असतील तर छपाई १ एप्रिल १९५७ च्या आधीची. ‘नये पैसे’ दिसले तर १९५७ ते १९६४ मधली. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, मग मालक काहीही सांगो. मात्र हे छपाईचं वय झालं. छापलेला साठा संपेपर्यंत तेच कागद वापरत, म्हणून हाताने लिहिलेली तारीख असेल तर तीच धरा.

मग वर बघा. जिन्याखाली, गच्चीच्या स्लॅबखाली लोखंडी गर्डर किंवा रेल्वेचे रूळ तुळई म्हणून टाकलेले असतात. बॅटरी तिरपी धरली की उठावाची अक्षरं दिसतात. रुळावर कारखान्याचं नाव आणि बहुधा सालही असतं. रंगाचे थर चढले असतील तर सुक्या फडक्याने पुसा, खरवडू नका. इथेच सगळे फसतात. रूळ आधी रेल्वेमार्गावर झिजतो, मग भंगारात विकला जातो, मग इमारतीत येतो. १८९० चा रूळ दिसला तर बांधकाम १८९० च्या आधीचं नाही एवढंच कळतं, ते १९३५ चंही असू शकतं. गर्डरवर ‘टाटा’ असेल तर १९१२ च्या मागे जाऊच नका. जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं तेच तेव्हा.

सरकारी कागदांत लोक मिळकत पत्रिकेवर थांबतात. घरपट्टीच्या बिलावरून सिटी सर्व्हे नंबर काढा आणि भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात जुन्या हस्तलिखित पत्रिकेची आणि चौकशी नोंदवहीची नक्कल मागा. ऑनलाइन पत्रिकेत जुने फेरफार गाळलेले असू शकतात. पण पत्रिका जागेचा धारक सांगते, लॉज नाही. लॉज सापडतं महापालिकेच्या जुन्या कर आकारणी नोंदवहीत, कारण तिथे वापर आणि भोगवटादार लिहितात. ज्या आकारणीत ‘राहण्याकडे’ जाऊन ‘लॉज’ आलं, त्याच्या आसपास तुमचं साल. घरक्रमांक मधे बदललेले असतात, म्हणून शेजारच्या दोन घरांची नावंही टिपून न्या. मालक-भाडेकरू दावा निकाली निघाला असेल तर निकालपत्र मिळवा. कोण कधीपासून चालवतंय ते दोन्ही बाजूंनी शपथेवर सांगितलेलं असतं. खोटंही असतं, पण एकमेकांचं खोटं तेच खोडतात.

थोर पाहुण्यांच्या गोष्टींवर माझा विश्वास शून्य. बाबासाहेब १९३७ साली धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. विनोबांचा १९३२ चा गाजलेला मुक्काम तर तुरुंगातला. धुळ्याची लॉज चालली ती कोर्टाच्या पक्षकारांवर आणि कापसाच्या व्यापाऱ्यांवर, आणि त्यात कमीपणा काय आहे?

राहायचं म्हणाल तर हिवाळ्यात जा. मेमध्ये पत्र्याखालची वरची खोली रात्रीही तापलेली असते, जाड भिंतीची खालची, मागच्या बाजूची मागा. जेवण बहुतेक ठिकाणी बंद झालंय, शेवभाजी बाहेरच खा.

एक राहिलंच. जागा मूळची धर्मशाळा निघाली तर वरची अर्धी धावपळ वाचते. ट्रस्टची नोंद धर्मादाय कार्यालयात असते, तिथे परिशिष्ट १ चा उतारा मागा. आणि पाहुण्यांच्या रजिस्टरचे फोटो काढू नका, त्यात लोकांची नावं-पत्ते असतात.