कंट्रोलर-कीबोर्डच्या वैतागापायी एसआयपी थांबवू का?

भांडुपहून एका वाचकाने विचारलंय: वय २७, हातात ३९,००० येतात, भाडं, गावी पाठवायचे पैसे आणि खाणंपिणं-प्रवास धरून ३०,००० जातात, ५,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी रक्कम), खात्यात ४५,०००. पीसीवर गेम खेळताना गेममधली गाडी कंट्रोलरवर (हातात धरायच्या बटणांच्या रिमोटवर) आणि नेमबाजी माऊसवर अशी सवय, पण स्क्रीनवर बटणांची चिन्हं सारखी बदलत राहतात, कधी माऊस अडकतो, कधी गेम बंद करून परत चालू करावा लागतो. म्हणून एसआयपी वर्षभर थांबवून ५४,९९० चा प्लेस्टेशन ५ हा गेमिंग कन्सोल बारा हप्त्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ का?

नको, आत्ता नको. दिवसभर राबून रात्री तासभर खेळायला बसायचं आणि त्यातला अर्धा वेळ सेटिंगमध्ये जायचा, हा वैताग खरा आहे हे मला मान्य आहे, पण त्यावर ५५ हजारांचा उपाय करण्याआधी दुखणं नेमकं कुठंय ते बघा ना.

बरेचसे गेम शेवटचा इनपुट ज्याच्याकडून आला त्याची चिन्हं दाखवतात, आता कंट्रोलरची स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी, झिजून ड्रिफ्ट होत असेल, म्हणजे आपोआप सरकत असेल, तर तुम्ही हात न लावताही ती बारीक सिग्नल पाठवत राहते आणि गेमला वाटतं तुम्ही कंट्रोलरवर आहात, इकडे तुम्ही माऊस हलवताय, मग दोघांची ओढाताण. कंट्रोलर काढून नुसत्या कीबोर्डवर तासभर खेळा, त्रास थांबला तर विंडोज आणि आर दाबून जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाका, स्टिक सोडल्यावर खूण मधोमध स्थिर राहते का बघा. थोडीच हलत असेल तर स्टीममध्ये (पीसीवर गेम विकत घ्यायचं-खेळायचं ॲप) डेडझोन, म्हणजे स्टिकची जी बारीक हालचाल गेम दुर्लक्षित करतो ती मर्यादा, वाढवून भागतं, शून्य रुपये. आणि स्टीम इनपुट या स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगच्या जोडीला कुठलं बटण काय करेल ते ठरवणारं दुसरं मॅपिंगचं सॉफ्टवेअर चालू असेल तर एकच बटण दोनदा लागतं, दोघांपैकी एक बंद करा.

स्टिक खरंच गेली असेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर रिपेअरचं विचारा, नाहीतर हॉल इफेक्ट स्टिकचा नवा कंट्रोलर घ्या, त्यात चुंबकावर काम चालतं, घासणारा भाग नाही म्हणून ड्रिफ्टची भीती खूप कमी, चार हजारांच्या आत मिळतात. काही गेमच असे असतात की दोन्ही एकत्र चालूच देत नाहीत, तिथे काही इलाज नाही, म्हणून नवा गेम स्टीमवर घेतला की पहिल्या तासातच अदलाबदल करून बघा, १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात.

आता ईएमआय. महिन्याला ४,५८३, पण नो कॉस्ट म्हणजे फुकट नव्हे, व्याज सवलत म्हणून वळतं करतात तरी क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, दर १५ टक्के धरला तर साधारण साडेसातशे, वर प्रोसेसिंग फी वेगळी. स्टीमवर घेतलेले गेम तिकडे येणार नाहीत, फ्री टू प्ले, म्हणजे फुकट खेळता येणारे गेम सोडले तर ऑनलाइन खेळायला वेगळं सबस्क्रिप्शन, आणि तुम्हाला आवडतो तो माऊस तिथे मोजक्याच गेममध्ये चालतो. म्हणजे अदलाबदल संपेल, पण तुमची आवडती निम्मी पद्धत सोडून!

मला खरी काळजी ४५,००० ची आहे, तो जेमतेम दीड महिन्याचा खर्च झाला. नोकरी गेली तर मुंबईत भाडं थांबत नाही हो. उरणारे ४,००० आधी तिथे टाका, ९०,००० म्हणजे तीन महिन्यांचा खर्च होईपर्यंत, दिवाळीचा बोनस आला तर लवकर होईल. त्यानंतरही कन्सोल हवासा वाटला तर त्याच ४,००० ची आरडी करा आणि रोख घ्या, मी अडवणार नाही. एसआयपीला मात्र हात लावू नका.

आणि घराचा ११ महिन्यांचा करार कधी संपतोय ते कळवा, डिपॉझिट वाढणार असेल तर हा हिशोब परत मांडावा लागेल.