वाचक विचारतात : व्हेनिसमध्ये तीन दिवस, पाच जणी

प्रश्न : मी मिलानमध्ये शिकते. मे महिन्यात आम्ही पाच मैत्रिणी तीन दिवस व्हेनिसला जाणार आहोत. मुक्काम मेस्त्रेच्या, म्हणजे खाडीअलीकडच्या उपनगरातल्या, हॉस्टेलवर. बोटीचं तिकीट दर वेळी काढावं की पास? गोंडोला परवडेल का? आमच्यातल्या दोघी शाकाहारी आहेत.

उत्तर : पास घ्या, पण तरुणांसाठीचा. व्हापोरेट्टो म्हणजे तिथली सार्वजनिक बोट. तिचं 75 मिनिटांचं तिकीट सध्या साडेनऊ युरोला पडतं आणि 72 तासांचा पास 45 युरोला. 6 ते 29 वयोगटासाठी 6 युरोचं ‘रोलिंग व्हेनिस’ कार्ड मिळतं आणि त्यावर तोच पास 27 युरोला. म्हणजे एकीचे 12 युरो वाचले. कार्ड तिकीटखिडकीवर वयाचा पुरावा दाखवून काढा. हाच पास मेस्त्रेच्या बसला चालतो, ट्रेनला चालत नाही. मशिनला पहिल्यांदा टेकवला की 72 तास सुरू होतात. त्यानंतरही प्रत्येक वेळी बोटीत चढण्यापूर्वी टेकवायचा.

एप्रिल ते जुलैमधल्या ठराविक दिवशी शहरात शिरायला शुल्क आहे : आधी भरलं तर 5 युरो, ऐनवेळी 10. मेस्त्रे व्हेनिस महापालिकेतच येतं, त्यामुळे तिथे मुक्काम असणाऱ्यांना माफी आहे. मात्र नोंदणी करून माफीचा कोड आधी घ्यावा लागतो, आणि नेमकं हेच बरेच जण विसरतात. स्वस्त पडतं म्हणून जवळच्या पादुआ शहरात मुक्काम केलात तर ही माफी नाही.

ग्रँड कॅनॉल, म्हणजे शहरातला मुख्य कालवा, पाहायचा तर 1 नंबरची संथ बोट. ती पिआझ्झाले रोमाला, म्हणजे बस जिथे थांबते त्या चौकात, पकडा. पुढचाच थांबा रेल्वे स्टेशनचा, तिथे गर्दी आत घुसते आणि पुढची उघडी जागा हातची जाते. सान मार्को या मुख्य चौकापर्यंत साधारण पाऊण तास लागतो. थांबा आला की खलाशी धक्क्यावरच्या खुंटाला दोराचे वेढे देतो, दोर करकरतो, धक्का पायाखाली हलतो आणि मग लोखंडी फाटक सरकतं. ते सरकेपर्यंत जागचं हलू नका. मोठ्या थांब्यांवर ए, बी असे वेगवेगळे धक्के असतात. बोटीवरचा नंबर बरोबर असूनही दिशा उलटी निघते. फलकावरचं शेवटच्या थांब्याचं नाव वाचूनच चढा.

गोंडोलाचा सरकारी दर माणशी नाही, नावेमागे आहे : दिवसा 30 मिनिटांना 90 युरो, जास्तीत जास्त पाच जण. तुम्ही बरोबर पाच आहात, एकीला 18 पडतील. संध्याकाळी 7 नंतर 35 मिनिटांना 110. वेळ आणि रक्कम बसण्यापूर्वीच ठरवा. तेवढे खर्चायचे नसतील तर सांता सोफियाहून रिआल्तोच्या मंडईकडे जाणारा त्राघेत्तो घ्या. तीही गोंडोलाच, 2 युरोत ग्रँड कॅनॉलपलीकडे सोडते.

खाण्यासाठी ‘बाकारो’, म्हणजे तिथला छोटा वाइनबार, शोधा. तिथे पावाच्या चकत्यांवर काहीबाही लावलेले चिकेत्ती मिळतात. काउंटरपाशी उभ्यानं खा, बसलात की दर वाढू शकतो. शाकाहारी मैत्रिणींनी एक लक्षात ठेवावं : चकतीवरचा पांढरा, लोण्यासारखा थर बहुतेकदा चीज नसतो. तो घोटलेला कॉड मासा असतो. पाण्याची बाटली मात्र चौकातल्या नळावर खुशाल भरा.

पत्ता घेताना गल्लीचं नावही विचारा. घरांचे नंबर गल्लीगणिक नसून अख्ख्या विभागाला सलग असतात आणि हजारांत जातात.

प्रश्न : मुलगा नोव्हेंबरात मित्रांबरोबर व्हेनिसला जाणार आहे. समुद्र अडवणारे दरवाजे बसवल्यावरही सान मार्को चौकात पाणी येतं म्हणतात. का?

उत्तर : मोसे प्रकल्पाचे 78 दरवाजे खाडीच्या तीन मुखांशी तळाला पाणी भरून पडलेले असतात. आत हवा सोडली की ते वर उठतात. 3 ऑक्टोबर 2020 ला भरतीसमोर ते पहिल्यांदा उभे राहिले. पण ते साधारणपणे 110 सेंटीमीटरच्या भरतीचा अंदाज असेल तरच उचलतात, आणि सान मार्को इतका सखल आहे की तिथे 80 च्या सुमारासच पाणी दिसू लागतं. मधल्या भरतीत चौक भिजतोच.

घाबरायचं कारण नाही. पाणी काही तासांत ओसरतं. महापालिकेचा भरतीचा अंदाज आदल्या रात्री पाहून चौकाची वेळ बदलावी, रबरी बूट घ्यावेत आणि मांडलेल्या फळ्यांवरून चालावं, त्यांवर थांबून फोटो काढू नयेत. खरा धोका कालव्याच्या काठाशी असतो : पाणी वर आलं की काठ कुठे संपतो ते दिसत नाही, म्हणून भिंतीच्या बाजूनं चालायला सांगा.