राना टायग्रीना गेली कुठं?

प्रश्न : सर, बारावी सायन्सला आम्ही बेडकाचं नाव 'राना टायग्रीना' असं घोकलं होतं. एक मार्क हमखास. मुलगी आता बी.एस्सी.ला आहे. परवा पावसात दारात मोठा पिवळाधमक बेडूक आला, मी रुबाबात नाव सांगितलं, तर म्हणाली, "पप्पा, चुकलं. होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस." बेडूक तोच, दार तेच, मग नाव कशाला बदललं? या लोकांना दुसरं काम नाही काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आहे की, पण हेही कामच आहे.

प्राण्यांना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत लिनेअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५८ साली बसवली. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. (पेपरवाले दोन्हीला सरसकट 'प्रजाती' म्हणतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. मी वंश आणि जाती असंच लिहिणार.) त्यानंतर कितीतरी वर्षं 'राना' हा वंश म्हणजे घरातला तो डबा झाला होता, ज्यात बटणं, खिळे, रबरबँड, जुन्या किल्ल्या सगळंच पडतं. युरोपातल्या तळ्यातला बेडूक राना, आपल्या भाताच्या वाफ्यातला राना, घाटातल्या झऱ्यावरचाही राना. पुढं हाडं बघितली, शेपटीवाली पिल्लं बघितली, शेवटी डीएनए बघितला, आणि कळलं की आपला हा मोठा बेडूक युरोपातल्या रानाचा फार लांबचा पाहुणा आहे. मग त्याला होप्लोबॅट्रॅकस या वंशात नेऊन बसवलं. तो वंशही नवा नव्हे, १८६३ चा आहे.

आता 'टायगेरिना'चं 'टायगेरिनस' का झालं? लॅटिनमध्ये राना स्त्रीलिंगी, होप्लोबॅट्रॅकस पुल्लिंगी. आपण 'पिवळी बेडकी' आणि 'पिवळा बेडूक' म्हणतो, तसंच. आणि खरी गंमत अशी की हे नाव पहिल्यांदा देणाऱ्या दाउदिन नावाच्या फ्रेंच माणसानं 'टायगेरिना'च लिहिलं होतं. 'टायग्रीना' हे मागाहून कुणीतरी केलेलं 'सुधारलेलं' रूप. म्हणजे तुम्ही घोकलेलं नाव तेव्हाही चुकीचंच होतं. ते घोकून घेणाऱ्या मास्तरांत मीही होतो, बेळगावात तीस वर्षं, त्यामुळे तो मार्क परत मागू नका.

दाउदिनचं नाव मात्र पुसलेलं नाही. शास्त्रीय नावापुढं ते पहिल्यांदा देणाऱ्याचं नाव लिहितात, आणि वंश बदलला की ते कंसात घालायचं, असा नियम आहे. कंस दिसला की समजायचं, या प्राण्यानं घर बदललंय.

माझ्या वहीत सगळ्यात जास्त खाडाखोड वाफ्यातल्या बारक्या बेडकांच्या पानावर आहे. आधी राना, मग फेजेर्वार्या, आणि २०१८ पासून मिनर्वार्या. तिसऱ्या वेळी मीही वैतागलो होतो, खोटं कशाला सांगू. पण आंबोलीचं उदाहरण घ्या, आपल्यापासून दोन तासांवर. कोयनेकडची एक भेकी १९६३ साली 'बुफो कोयनायेन्सिस' म्हणून नोंदली गेली. बुफो हाही तसलाच डबा. २००९ साली आंबोलीच्या सड्यावरची तिची बहीण सापडली, अंगावर वाघासारखे पट्टे असलेली. दोघींना शेजारी ठेवून बघितलं तेव्हा लक्षात आलं की या डब्यातल्या नव्हेतच. मग दोघींसाठी झँथोफ्रायने हा नवा वंश केला. हा वंश जगात सह्याद्रीशिवाय कुठंच नाही. बुफोच्या डब्यात राहिली असती तर हे कुणाला कळलं असतं?

आणि एक गोड बातमी. गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणाऱ्या काही सरड्यांचा २०१६ साली नवा वंश केला, त्याचं नाव 'सारडा'. होय, आपला मराठी सरडाच, लॅटिनच्या पंगतीला जाऊन बसलाय. मुलीला विचारा, हे तिला माहीत आहे काय.

प्रश्न : आमच्या खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाला इंग्रज साहेबाचं नाव कसं? तळेवाडीच्या लोकांना ती गुहा ठाऊक नव्हती काय? मग शोध साहेबाचा कसा?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : तुमचा राग मला अर्धा पटतो.

ते वटवाघूळ म्हणजे ओटोमॉप्स रॉटनी. मोठे कान, पुढं येऊन कपाळावर जुळलेले. रॉटन हा मुंबई इलाख्यातला वनाधिकारी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण केलं, त्यामागं त्याचाही रेटा होता. नाव मात्र त्यानं स्वतः ठेवलं नाही. ते ठेवलं लंडनच्या म्युझियममधल्या ओल्डफील्ड थॉमसनं, १९१३ साली. स्वतःचं नाव स्वतःच दिलेल्या जातीला लावणं या मंडळींत हावरटपणाचं समजतात. थॉमसनं त्याला आधी निक्टिनोमस वंशात घातलं आणि त्याच वर्षी ओटोमॉप्स हा वेगळा वंशही केला. म्हणजे निपाणीकरांच्या बेडकाला जे घर बदलायला जवळजवळ दोन शतकं लागली, ते या वटवाघळानं वर्षाच्या आत उरकलं.

तळेवाडीच्या माणसाला गुहा माहीत होती, वटवाघूळही माहीत होतं. ते तोवर दुसरीकडं कुठंच नोंदलेलं नाही, हे मात्र त्याला कळायला मार्ग नव्हता. थॉमसच्या कपाटात जगभरची वटवाघळं एकाशेजारी एक होती. नवं काय आहे ते शेजारी जुनं ठेवल्याशिवाय कळत नाही. शास्त्रातला 'शोध' म्हणजे दिसणं नव्हे, तर वेगळेपण लिहून छापणं आणि ज्यावरून लिहिलं तो नमुना कुणालाही तपासता येईल असा ठेवणं. पण वाट दाखवणाऱ्याचं नाव कागदावर येत नाही, हा अन्याय आहेच, आणि तो साहेबाबरोबर बोटीनं गेला नाही. आजही गुहेचं तोंड दाखवणारा 'स्थानिक व्यक्ती'च राहतो.

हे वटवाघूळ सुमारे नव्वद वर्षं फक्त बारापेडेत माहीत होतं. मग मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. म्हणून कुणी 'फक्त आमच्याच गुहेत' म्हणून भाषण ठोकलं तर त्याला हळूच हे सांगा. भीमगडचं अभयारण्य २०११ साली झालं, गुहा त्यात आली, ही मात्र चांगली गोष्ट.

कपाटात ठेवलेला नमुनासुद्धा फसवतो बरं का. १९४८ साली तमिळनाडूच्या डोंगरात एक फळवटवाघूळ मिळालं. मुंबईच्या संग्रहात ते भलत्याच, नेहमीच्या जातीच्या नावानं पडून राहिलं. किट्टी थोंगलोंग्या या थायी अभ्यासकानं ते पुन्हा उघडून बघितलं आणि १९७२ साली त्याच्यासाठी नवी जातच नव्हे, नवा वंश लिहिला. लॅटिडेन्स सालिमअली. चोवीस वर्षं चुकीच्या नावाखाली पडून होतं, पण कधी आणि कुठं मिळालं हे नीट लिहिलेलं होतं, म्हणून वाचलं.

प्रश्न : सर, कणकुंबीजवळ आमच्या परड्यात माती उकरताना हातभर लांब, जांभळट, बुळबुळीत, बिनपायाचं काहीतरी निघालं. गांडूळ म्हणावं तर तोंड आहे, साप म्हणावं तर खवले नाहीत. आजोबा मारायला निघाले होते, मी सोडून दिलं. फोटो जोडलाय. नवीन जात असेल तर माझं नाव देता येईल काय?
— अकरावीचा विद्यार्थी

उत्तर : आधी शाबासकी, सोडून दिलंस म्हणून. आजोबांना सांग, साप नव्हे. हे देवगांडूळ, बेडकाच्या नात्यातलं, विषाची भीती नाही. नवीन आहे काय, हे फोटोवरून मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. अंगावरची वलयं मोजावी लागतात, दात बघावे लागतात, डीएनए काढावा लागतो. पण जागा भारी आहे. २००७ साली तुझ्या शेजारच्या चोर्ल्यातूनच गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस ही जात लिहिली गेली. म्हादेई नदीवरून नाव. कदाचित तुझं तेच असेल किंवा त्याचं भावंड.

दुसरं मिळालं तर पकडू नकोस, बाटलीत तर मुळीच घालू नकोस. अभयारण्य जवळ आहे, वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे, आणि नमुना घ्यायचा तर परवानगी असलेल्या अभ्यासकानंच घ्यायचा.

बाटलीचं मी अनुभवानं सांगतोय. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पोरांना घेऊन जांबोटीला गेलो होतो. एका पोरानं असलंच देवगांडूळ आणून दिलं. मी ते फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं, चिठ्ठीवर 'खानापूर' एवढंच लिहिलं आणि चहाला गेलो. ती बाटली वीसेक वर्षं प्रयोगशाळेच्या मांडणीवर होती. एक अभ्यासक बघायला आला, वलयं मोजली, डोळे चमकले, मग विचारलं, "कुठल्या गावातलं? कुठला महिना? झऱ्याकाठचं की शेतातलं?" मला आठवेना. खानापूर तालुका केवढा, तुला माहीत आहे. फॉर्मॅलिनमुळं डीएनएही धड मिळण्यासारखा नव्हता. बाटली बंद करून तो गेला, चहा पण घेतला नाही. कदाचित ते साधंच असेल. कदाचित नसेल.

म्हणून आज रात्रीच वहीत लिही : तारीख, वेळ, परडं कुणाचं, किती खोल उकरलं, पाऊस होता काय, माती कसली. नावाचं पुढं बघू. आणि फोटोत मागं आजोबांची चप्पल दिसतेय, ती कितव्या नंबरची ते कळव, लांबी काढता येईल.