कळलं नाही, पण रडू आलं

प्रश्न: महोत्सवात एक बारा मिनिटांचा लघुपट पाहिला. रिकाम्या घरात एक म्हातारी बाई. ती एकेक खुर्ची ओढत बाहेर अंगणात नेऊन ठेवते. अकरा खुर्च्या. एकही संवाद नाही. शेवटी ती त्यातल्या एका खुर्चीवर बसते आणि उरलेल्या दहांकडे बघत राहते. मला हुंदका आवरेना. बाहेर आल्यावर मैत्रिणीनं विचारलं, "काय होतं गं त्यात?" मला काहीच सांगता आलं नाही. जे समजलंच नाही त्यावर रडणं हा भाबडेपणा आहे का?

उत्तर: हा लघुपट मी पाहिलेला नाही, पण तुमचं पत्र दोनदा वाचलं. काही समजलं नाही असं तुम्ही म्हणता, आणि खुर्च्या मात्र मोजता! अंधारात बसून अकरापर्यंत मोजत गेलात, कारण प्रत्येक खुर्चीबरोबर घरातलं एक माणूस बाहेर येतंय हे तुमच्या आत कुठेतरी पोचलं होतं. कुणी तसं सांगितलं असतं तर तुम्ही मान डोलावली असती आणि पुढच्या फिल्मकडे वळला असता. सांगितलं नाही, म्हणून ते तुम्ही स्वतः केलंत.

हुंदका आपोआप आला असं वाटतं, पण तो घडवलेला असतो, आणि फार कष्टानं घडवलेला. क्रिस मार्करचा १९६२ सालचा 'ला जेते' हा २८ मिनिटांचा लघुपट जवळजवळ संपूर्ण स्थिरचित्रांचा आहे. एकामागून एक फोटो आणि वर निवेदन. डोळ्यांना त्याची सवय होते, हालचाल येणार नाही हे आपण धरूनच चालतो. मग झोपलेल्या एका स्त्रीचे फोटो येतात, एकमेकांत विरघळत जातात, आणि काही क्षणांपुरती ती खरोखर डोळे उघडून आपल्याकडे बघते. बस, तेवढंच. प्रेक्षागृहात त्या जागी श्वास अडकल्याचं ऐकू येतं. नेमकं काय झालं हे पुष्कळांना विचारल्यावरही सांगता येत नाही. चित्र हललं हे त्यांच्या मनानं टिपलेलंही नसतं. तुमच्या फिल्ममध्ये पहिल्या दहा खुर्च्यांनी जे काम केलं, ते तिथे त्या शेकडो स्थिर फोटोंनी केलं आहे. त्यांच्याशिवाय ती पापणी म्हणजे नुसती पापणी.

आणखी एक उदाहरण देते, कारण 'विचित्र' आणि 'हेलावून टाकणारं' ही दोन टोकं आहेत असा तुमच्या पत्राचा सूर आहे. डॉन हर्ट्झफेल्टचा 'वर्ल्ड ऑफ टुमॉरो' (२०१५) हा सतरा मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट घ्या. काड्यांची माणसं. एका लहान मुलीला भविष्यातून आलेली तिचीच एक प्रतिकृती (क्लोन) मरणाबद्दल, विसरण्याबद्दल सांगते आहे, आणि मुलगी मध्येच भलतंच काहीतरी बोलते. त्या मुलीचा आवाज दिग्दर्शकाच्या चार वर्षांच्या भाचीचा आहे. इतक्या लहान मुलीला संवाद पाठ करायला लावणं शक्य नव्हतं, म्हणून ती खेळताना, चित्रं काढताना जे बोलली ते त्यानं ध्वनिमुद्रित केलं आणि कथा त्या बोलण्याभोवती रचली. मूल अभिनय करत नाही, समोरच्या भयंकर गोष्टीची त्याला दखलही नाही. विचित्रपणा तिथूनच येतो आणि रडूही तिथूनच.

मैत्रिणीला अर्थ सांगायला जाऊ नका. जे दिसलं ते क्रमानं सांगा: घर, खुर्ची, फरशीवर ओढल्याचा आवाज, पुन्हा खुर्ची. मला पत्रात सांगितलंत तसंच. माझ्यापर्यंत पोचलं.

प्रश्न: महोत्सवात लघुपटांच्या एका पॅकेजमध्ये सलग आठ फिल्म दाखवल्या. संध्याकाळी सगळ्यांची सरमिसळ झाली. यावर काही उपाय?

उत्तर: काही वर्षं महोत्सवासाठी लघुपट निवडण्याचं काम मी केलं आहे, त्यामुळे हे आतून सांगते: क्रम लावताना आम्ही भांडायचो. फार बोलकी फिल्म संपली की मूक फिल्म लावायची की नको, मृत्यूवरच्या दोन फिल्म शेजारी आल्या तर दुसरीचा बळी जातो का, हसवणारी कुठे ठेवायची. एवढं करूनही एका फिल्मची सावली पुढचीवर पडतेच. त्यावर प्रेक्षकाच्या हातात एकच जागा उरते, ती म्हणजे श्रेयनामावली. ती दीड-दोन मिनिटं मोबाइल उघडू नका. शेजाऱ्याशी बोलू नका. छोट्या वहीत अंधारातच एक दृश्य आणि एक आवाज लिहा. 'छान', 'कंटाळवाणी' असलं काही नको. मत रात्रीपर्यंत बदलतं, दृश्य बदलत नाही. आणि दिवसाला दोन पॅकेजेस पुष्कळ झाली. पास आहे म्हणून पाच पाहणाऱ्यांना पाचवं पॅकेज खरोखर दिसतं, यावर माझा विश्वास नाही.

माहितीपुस्तिकेतला सारांश नंतर वाचा. प्रयोगशील फिल्मचा दोन ओळींचा सारांश हा बहुतेक वेळा कुणीतरी घाईत, अर्ज भरताना लिहिलेला असतो. तो आधी वाचला की आपण फिल्म सोडून त्या दोन ओळीच शोधत बसतो.

प्रश्न: लघुपट नेमका किती लांबीचा?

उत्तर: एकच नियम नाही. ऑस्करसाठी श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंत. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत १५ मिनिटांपर्यंत.

प्रश्न: माझा भाऊ म्हणतो, लघुपट म्हणजे मोठा चित्रपट मिळेपर्यंतचा सराव. खरं आहे का?

उत्तर: नाही. काही दिग्दर्शकांसाठी ती पायरी असते, ते मान्य. पण कवितेला कुणी कादंबरीचा सराव म्हणत नाही. जर्मनीतल्या ओबरहाउझेनला १९५४पासून लघुपटांचा महोत्सव भरतो, फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँला दरवर्षी मोठमोठी प्रेक्षागृहं निव्वळ लघुपटांसाठी भरतात. ओबरहाउझेनमध्येच फेब्रुवारी १९६२ला २६ तरुणांनी जाहीरनामा वाचून जुना जर्मन सिनेमा मेल्याचं सांगितलं, आणि नवा सिनेमा करण्याचा आपला हक्क त्यांनी कशाच्या आधारावर मांडला? आंतरराष्ट्रीय महोत्सवांत गाजलेल्या जर्मन लघुपटांच्या! भावाला हे जरूर सांगा. ज्या फिल्ममागे ना स्टुडिओ, ना वितरक, ना तिकीटविक्रीची आशा, तिथे माणूस आपल्याला खरंच जे बघायचंय तेच बघतो. म्हणून तिथे इतकं अनोखं काही सापडतं. फसलेल्या फिल्मही पुष्कळ असतात, आणि त्यांतल्या काही मला गुळगुळीत यशस्वी फिल्मपेक्षा जास्त आवडतात.

प्रश्न: फिल्मनंतर दिग्दर्शक समोर उभा असतो, तेव्हा काय विचारावं ते सुचत नाही. शिवाय आवडलेली फिल्म नंतर इंटरनेटवर शोधली तर मिळत नाही.

उत्तर: 'यातून काय सांगायचं होतं?' एवढं सोडून काहीही विचारा. सांगता आलं असतं तर त्या माणसानं दोन वर्षं घालवून फिल्म केली नसती. एखाद्या निर्णयाबद्दल विचारा: कॅमेरा दाराबाहेरच का थांबला, शेवटी आवाज का बंद केला. असा प्रश्न आला की थकलेला दिग्दर्शकही सरळ होऊन बसतो आणि मग शूटिंगच्या, संकलनाच्या खऱ्या गोष्टी बाहेर येतात. प्रश्न नसेल तर एक वाक्य पुरे: तुमच्या फिल्ममधलं अमुक दृश्य मला दिसत राहिलं. बुजू नका, तेवढ्यासाठी ते प्रवास करून आलेले असतात. मतपत्रिका वाटली असेल तर तीही भरा. प्रेक्षक पुरस्कारामुळे पुढचे महोत्सव मिळायला मदत होते.

फिल्म सापडत नाही याचं कारण साधं आहे. अनेक महोत्सवांना आपल्याकडे पहिला खेळ हवा असतो, म्हणून दिग्दर्शक फिल्म इंटरनेटवर टाकत नाहीत. महोत्सवांची फेरी वर्ष-दोन वर्षं चालते. ती संपली की बरेच जण फिल्म खुली करतात. तोवर नाव, दिग्दर्शक आणि वर्ष वहीत नीट लिहून ठेवा, कारण एकाच नावाच्या फिल्म ढीगभर असतात. फारच ओढ लागली असेल तर पुस्तिकेत दिलेल्या पत्त्यावर थेट ईमेल करा. का पुन्हा पाहायची आहे ते दोन ओळींत लिहा. खासगी दुवा पाठवणारे दिग्दर्शक पुष्कळ आहेत. फक्त तो दुवा पुढे पाठवू नका.