सिनेमा संपला, पण पोरगी जेवेना

‘सिनेमा बघून मुलगी इतकी रडते, हे बरं लक्षण आहे का?’ असं आई-वडील मला नेहमी विचारतात. त्यामागे बहुधा दुसरीच शंका असते: ‘हिचं कुठं काही असेल का?’

कोल्हापुरातल्या एका गूळ व्यापाऱ्यांनी ती थेट बोलून दाखवली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.ला. रविवारी दुपारी घरातल्या सगळ्यांनी टीव्हीवर एक सिनेमा पाहिला. त्यात एक जोडपं जातीबाहेर लग्न करतं आणि मुलीच्याच घरचे दोघांचा खून करतात. तेव्हापासून पोरीचं जेवणाखाण्यात लक्ष नाही, वडिलांशी बोलणं बंद. "मोबाइल बघितला ओ मॅडम, काय सापडलं न्हाई. पण कोणतरी असणारच की."

मुलीला मी एकटीला भेटले. अशा वेळी घरात मारहाण, धमक्या, कोंडून ठेवणं असलं काही चालतं का, हे मी सगळ्यात आधी विचारते. तसं काही नव्हतं. कुणी मुलगाही नव्हता. मग विचारलं, "सिनेमा बघताना शेजारी कोण कोण होतं?"

यावर ती बोलायला लागली. थोरले काका अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. शेवटचा प्रसंग आला तेव्हा हात न थांबवता म्हणाले, "असंच पायजे. घराण्याची अब्रू घालवली की दुसरं काय व्हायचं!" आई उठून स्वयंपाकघरात गेली. बाबांनी मान हलवली.

"मॅडम, बाबा दर 26 जूनला दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला जातात. महाराजांनी 1919 साली संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्याची मान्यता दिली, हे मला बाबांनीच सांगितलंय. आणि त्यांनी मान हलवली."

पडद्यावरच्या पोरीसाठी ती रविवारीच रडून मोकळी झाली होती. पुढचे सगळे दिवस त्या हललेल्या मानेचे होते.

‘सिनेमाच तर आहे, एवढं काय मनावर घेतेस’ हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. असा सिनेमा लागला की मुलांचं निम्मं लक्ष आपल्या तोंडाकडे असतं. आपण हसलो कुठं, गप्प बसलो कुठं, सगळं टिपलं जातं. आणि मोबाइल तपासून तर आपण काकांच्याच बाजूला जाऊन बसतो.

सिनेमामुळे चार दिवस मन जड राहणं हा आजार नव्हे. पण झोप, भूक, अभ्यास दोन आठवडे विस्कटलेलेच राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाची भाषा निघाली, तर एक दिवसही थांबू नका. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

"उद्या मी खरंच कुणाला पसंत केलं तर?" तिनं विचारलं. दोघं सज्ञान असतील आणि लग्नाला राजी असतील, तर घरच्यांची किंवा जमातीची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय, असं मी सांगितलं. तिला ते माहीत होतं. तिला ते घरातून ऐकायचं होतं.

वडिलांना मी मान हलवल्याचं विचारलं, तिच्या परवानगीनं. त्यांना आठवेचना. मग म्हणाले, "थोरला बोलला की आम्ही मान हलवतो ओ. त्यात पटायचं काय?" हे तिला सांगा म्हटलं, तर टेबलावरचा पेपरवेट फिरवत बराच वेळ बसले.

पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं. मान तशीच हलली, मला ते पटलेलं नव्हतं, तुझ्या अंगाला कुणाला हात लावू देणार नाही, इतकं. लग्नाचं ‘बघू’. ती आता जेवते, पण त्या ‘बघू’वरून दोघांची रोज वादावादी होते, आणि मला ती चालते. वडिलांची अडचण आता वेगळीच आहे: हेच थोरल्यासमोर कसं बोलायचं? पुढच्या खेपेला ते त्यासाठीच येणार आहेत, एकटे.